बाहेरच्या लाकडाचं जुनं पॉलिश उतरवून नवं चढवताना

ठाण्यात वर्षाला साधारण २५०० मिलीमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बाहेरच्या लाकडाचं जे काही बिघडतं ते या आकड्यातून बिघडतं. नौपाड्यातल्या जुन्या बंगल्याचे सागवानी खांब असोत, चेंदणीतल्या कौलारू घराचा कठडा असो, येऊरच्या झाडीत उभी केलेली ओंडक्यांची किंवा पाइनच्या फळ्यांची कॉटेज असो, की नेरुळ-बेलापूरच्या रो-हाऊसचं मुख्य दार, सगळीकडे गोष्ट एकच. लाकूड पावसाळ्यात पाणी पितं आणि हिवाळ्यात ते सोडतं. वरचा थर हे पिणं-सोडणं सोसणारा असेल तर टिकतो. घट्ट, काचेसारखा असेल तर पाणी कुठल्यातरी फटीतून आत जातं, बाहेर पडायला वाट सापडत नाही आणि पोपडे धरतात.

म्हणून कामाची सुरुवात दुकानात डबा निवडण्यापासून करू नका. आधी लाकडाची तपासणी, मग तारीख, मग उतरवणं. डबा सगळ्यात शेवटी.

आधी टोच्या घेऊन फिरा

सुताराचा टोच्या किंवा बारीक स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि घराला एक फेरी मारा. खांबाचा तळखड्यावर टेकलेला भाग, चौकटीचे खालचे कोपरे, उंबरठ्याची दोन्ही टोकं, खिडकीची खालची आडवी पट्टी, पागोळ्यांचं पाणी उडतं तो जमिनीपासूनचा दीड फुटाचा पट्टा, आणि जिथे लाकडाचं कापलेलं टोक उघडं आहे अशी प्रत्येक जागा टोचून पाहा. चांगल्या सागवानात टोक जेमतेम रुततं. हाताच्या साध्या दाबाने पाच-सहा मिलीमीटर आत गेलं तर आत कुज आहे. तिथे लांबी (पुट्टी) भरून वरून पॉलिश मारणं म्हणजे पैसे पाण्यात. कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापायचा आणि त्याच जातीच्या सुक्या लाकडाचा तिरका जोड घालायचा. इपॉक्सी फक्त बोटाच्या पेरापेक्षा लहान खड्ड्यांसाठी.

कुज सापडली की पाणी कुठून येतंय ते शोधा. फुटलेलं कौल, तुंबलेली पन्हळ, खांबाशी टेकून ठेवलेली कुंडी, नवी फरशी घालताना खांबाच्या बुडाशी ओतलेलं सिमेंट. हे शेवटचं फार दिसतं. जुन्या बांधणीत खांब दगडी तळखड्यावर उभा असायचा आणि बुड सुकं राहायचं. नूतनीकरणात फरशी वर येते, खांब तीन इंच सिमेंटमध्ये गाडला जातो आणि काही वर्षांत खालून पोकळ होतो. हे सिमेंट भोवतीने छिन्नीने काढल्याशिवाय पॉलिशचं काम सुरूच करू नका.

गोल ओंडक्यांच्या भिंतीला उभ्या-आडव्या चिरा असणारच. त्यांना घाबरायचं कारण नाही, फक्त चिरेचं तोंड कुठे आहे ते पाहा. खाली तोंड असलेली चीर पाणी धरत नाही, ती तशीच सोडा. वर तोंड असलेली आणि सहा मिलीमीटरहून रुंद चीर पन्हळीसारखी पाणी साठवते, ती भरावी लागते. कशाने, ते पुढे येईल.

काळे डाग दिसले तर ते मळाचे की बुरशीचे, हे पाहायला घरातल्या ब्लीचचा एक थेंब पुरतो. मिनिट-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी, नाही पडला तर मळ किंवा लोखंडाचा डाग. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

तारीख

या कामाला खरा हंगाम दिवाळीनंतरचा, नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. ऑक्टोबरात ऊन कडक असतं म्हणून लोक घाई करतात, पण पावसाळाभर प्यालेलं पाणी जाड खांबातून तोवर निघालेलं नसतं. मे महिन्यात हवेतला दमटपणा पुन्हा वाढतो, शिवाय काम लांबलं तर पहिला पाऊस अर्धवट कामावर. ‘पावसाआधी उरकून घेऊ’ म्हणून पंचवीस मेला सुरू केलेलं काम बहुधा पुढच्या हिवाळ्यात पुन्हा करावं लागतं.

दोन पिनांचा ओलावामापक विकत घ्या. पिना लाकडाच्या रेषेला समांतर रोवा आणि निदान दहा जागी मोजा, त्यातल्या निम्म्या सावलीतल्या आणि खालच्या असू द्या. १५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय कुठलाही थर द्यायचा नाही. जाड थराचं पीयू (पॉलियुरेथेन) किंवा वार्निश असेल तर १२ टक्क्यांच्या आसपास हवं. २० टक्क्यांवर बुरशी जगते. खाडीकडच्या घरांत, म्हणजे वाशी, नेरुळ, कोपरीच्या बाजूला, लाकडात मीठ मुरलेलं असतं आणि मापक खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. तिथे आधी गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून मग मोजा.

काय उतरवायचं आहे ते ओळखा

चपड्याचं, म्हणजे लाखेचं, फ्रेंच पॉलिश स्पिरिटच्या बोळ्याने विरघळतं आणि कापडाला तपकिरी रंग लागतो. ते बाहेरच्या कामाचं नव्हेच, पाणी लागलं की पांढरं पडतं, तरी जुन्या दारांवर हमखास असतं. नायट्रोसेल्युलोज लॅकर थिनरने मऊ होतं. मेलामाइन आणि पीयू दोन्हींनी हलत नाहीत, ते खरवडावे किंवा रिमूव्हरने उठवावे लागतात. बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) दिलेलं लाकूड काळपट आणि किंचित चिकट लागतं. त्यावर थर असा नसतोच, म्हणून तिथे धुणं आणि घासणं पुरतं.

जुन्या ऑइल पेंटबाबत मात्र थांबा. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग, त्यातही पिवळा, लाल आणि हिरवा, शिशाचाच आहे असं धरून चाला. तो कोरडा घासायचा नाही, ब्लो-लॅम्पने जाळायचा तर मुळीच नाही. शिशाची धूळ आणि वाफ सगळ्यात जास्त लहान मुलांना आणि गरोदर बाईला बाधते. पाणी मारून ओलं खरवडा, खाली जाड प्लॅस्टिक अंथरा, एन-९५ मास्क लावा, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. पोपडे गोळा करून बंद पिशवीत घाला आणि घरगुती घातक कचरा म्हणून वेगळे द्या. गटारात किंवा झाडाच्या आळ्यात नको.

उतरवण्याच्या चार पद्धती, आणि पाचवी जी टाळायची

सपाट दार, फळ्या, खांब यांच्यासाठी हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) आणि खरवडणी ही जोडी आमच्या मते सगळ्यात सरस. पारा ३०० ते ४०० अंश सेल्सियसच्या मध्ये ठेवा, गन तीन-चार इंच दूर धरून सतत हलवत राहा. रंग फुगला की त्याच क्षणी रेषेच्या दिशेने खरवडा. थांबलात तर तो पुन्हा बसतो आणि अधिक घट्ट बसतो. लाकूड तपकिरी व्हायला लागलं म्हणजे गन जास्त वेळ थांबली. काचेजवळ गन वापरू नका, तडकते. खिडकीच्या काचा काढणं जमत नसेल तर तिथे रिमूव्हर. फळ्यांच्या मागे पोकळी असते, तिथे सुका पाला किंवा चिमण्यांचं घरटं धुमसू शकतं, म्हणून काम संपल्यावर तासभर जागा सोडू नका.

कोरीव कठडा, झडपा, गोलाई यांना रिमूव्हर लागतो. बाजारातला झटपट काम करणारा रिमूव्हर बहुधा मिथिलीन क्लोराइडचा असतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड आणि शरीराला घातक, धुळीचा मास्क तिला अडवत नाही, साधे नायट्राइल हातमोजेही त्यात काही मिनिटांत गळतात. म्हणून उघड्यावर, वारा पाठीमागून घेऊन, मिथिलीन क्लोराइडला टिकणारे लॅमिनेटचे हातमोजे घालून काम करा. जाड थर एकाच दिशेने लावा, ब्रश मागेपुढे फिरवू नका, वर प्लॅस्टिकचा कागद टाकून २० ते ३० मिनिटं थांबा आणि मऊ झालेला थर बोथट पट्टीने उचला. एका लिटरमध्ये एका हाताला (म्हणजे एका थराला) २० ते ४० चौरस फूट होतात, आणि जुन्या रंगाला दोन हात लागतात. वाफ धरून ठेवण्यासाठी या रिमूव्हरमध्ये मेण घातलेलं असतं. ते लाकडावर राहिलं तर नवं पॉलिश धरत नाही. शेवटी थिनरच्या फडक्याने दोनदा पुसायचं, फडकं बदलून. नवं पॉलिश जागोजाग न सुकण्याचं कारण अनेकदा हे मेणच निघतं.

कॉस्टिक सोडा स्वस्त आहे आणि काही रंगारी अजून सुचवतात. सागवान त्याने काळवंडतं, रेषा केसाळ होतात, आणि सांध्यात मुरलेला सोडा महिनोन्‌महिने नवा थर उखडत राहतो. लोखंडी जाळीला चालेल, सागवानाला नको.

फक्त करडं पडलेलं, बिनथराचं लाकूड असेल तर सोडियम परकार्बोनेट पुरतं. कोमट पाण्यात लिटरला ६० ते १०० ग्रॅम, मऊ ब्रशने लावून १५ मिनिटं ओलं ठेवायचं, मग घासून धुवायचं. बुरशी आणि मेलेला करडा थर दोन्ही निघतात. करड्या थरावर कधीच पॉलिश करू नका. उन्हाने लाकडातलं लिग्निन मोडलेलं असतं, वरचे तंतू सुटे असतात, आणि नवा थर त्या सुट्या तंतूंना चिकटून त्यांच्यासकट निघून येतो.

आता पाचवी. अमेरिकेत ओंडक्यांच्या घरांवर मक्याच्या कणसाचा भुगा हवेच्या दाबाने मारून जुना थर उडवतात, तो मऊ असल्यामुळे लाकूड फारसं खात नाही. त्याचा व्हिडिओ पाहून इथे कुणी सँड-ब्लास्टिंगवाल्याला बोलावलं तर वाळू पाइनचा मऊ भाग खाऊन कडक रेषा उभ्या ठेवते आणि भिंत कपडे घासायच्या दगडासारखी खडबडीत होते. गाडी धुण्याच्या प्रेशर मशीनचंही तसंच. वापरायचंच असेल तर पंख्यासारखी धार, फूटभर अंतर, कमीत कमी दाब, धार वरून खाली आणि फळ्यांच्या फटीत कधीही खालून वर नाही.

डाग, घासणं, सुकवणं

खिळ्यांभोवतीचे निळे-काळे डाग ब्लीचने जात नाहीत, त्यांना ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. प्लॅस्टिकच्या बादलीत गरम पाणी, लिटरला ६० ते १०० ग्रॅम. सगळ्या फळीला लावा, डागापुरतं लावलं तर तिथे पांढरा ठिपका उठतो. वीस मिनिटांनी दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा. हे विषारी आहे, आणि नीट न धुता घासलं तर धूळ नाकाला झोंबते. ब्लीच आणि ॲसिड एकाच बादलीत किंवा एकामागोमाग न धुता कधीही वापरू नका, क्लोरीन वायू सुटतो. लोखंडी तारेचा ब्रश आणि स्टील वूलही नको, त्यांचे बारीक कण लाकडात अडकून पहिल्या पावसात नवे काळे ठिपके देतात. पितळी किंवा नायलॉनचा ब्रश घ्या. खिळे बदलत असाल तर स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, खाडीजवळ ३१६ ग्रेडचे.

धुतल्यावर फळ्या डिसेंबरात चार-पाच दिवसांत सुकतात, खांबांना आठवडा किंवा जास्तही लागतो. मापक सांगेल तेव्हाच पुढे.

घासताना ६० किंवा ८० नंबरच्या सँडपेपरने सुरू करून १०० ते १२० वर थांबा. इथे लोक घरातल्या फर्निचरच्या सवयीने २२० पर्यंत जातात आणि लाकूड आरसा होतं. मुरणाऱ्या तेलाला किंवा स्टेनला ती गुळगुळीत गोष्ट नको असते, छिद्रं बंद झाल्यावर तेल वरच राहतं. पाण्याचा थेंब टाकून पाहा. मिनिटभरात मुरला तर लाकूड तयार, मोत्यासारखा उभा राहिला तर जुना थर, मेण किंवा जास्त घासाई बाकी आहे.

सागवानाचा गाभा कीड सहसा धरत नाही. सालीजवळचं पांढरट लाकूड आणि पाइन मात्र धरतात. त्यांना याच टप्प्यावर, उघड्या लाकडावर, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड समसमान मिसळून केलेलं सुमारे १० टक्क्यांचं द्रावण दोन हात द्या. कोमट पाण्यात चांगलं विरघळतं. बोरॉन पाण्याने धुपून जातो, म्हणून तो दिल्यावर, सुकल्यावर, वरचा थर लांबवू नका. मापकही त्यानंतर थोडा जास्त आकडा दाखवतो.

चिरा आता भरायच्या. मागे फोमची गोल दोरी दाबा, वर रंग धरणारं लवचिक ॲक्रिलिक किंवा पीयू सीलंट. सिलिकॉन नको, त्यावर काहीच चढत नाही. कडक लांबीही नको. हिवाळ्यात चीर रुंद असते, पावसाळ्यात लाकूड फुगून ती आवळते आणि लांबी चुरा होऊन बाहेर पडते.

आता डबा

दोन वाटा आहेत. एक, लाकडात मुरणारं रंगद्रव्ययुक्त तेल किंवा एक्स्टिरिअर स्टेन. दुसरी, वर थर धरणारं एक्स्टिरिअर पीयू किंवा सागरी वार्निश. पाऊस-ऊन थेट लागणारे खांब, कठडे आणि भिंतींच्या फळ्या यांना पहिलीच वाट घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे. ती दिसायला कमी झळाळते, पण जीर्ण होताना फिकी होत जाते, पोपडे धरत नाही. पुढच्या वेळी धुऊन, हलकं घासून पुन्हा लावता येते. पीयू पोर्चखालच्या मुख्य दारासाठी ठेवा. तिथे ते खुलतं आणि टिकतं. घेताना उन्हात पिवळं न पडणारं, दोन भागांचं, बाहेरच्या वापरासाठी लिहिलेलं घ्या. घरातलं मेलामाइन बाहेर वर्षभरात तडकतं.

पूर्ण पारदर्शक काहीही सगळ्यात आधी हरतं, कारण लाकडाला उन्हापासून वाचवतं ते मुख्यतः रंगद्रव्य. किमान मधाळ किंवा अक्रोडी छटा असू द्या. कच्चं जवसाचं तेल स्वस्त पडतं पण दमट हवेत आठवडाभर सुकत नाही आणि बुरशीला ते खाद्यच आहे. बेलतेल लवकर सुकतं, तरी बुरशीनाशक नसलेलं नुसतं बेलतेल येऊरच्या सावलीत एका पावसात काळं पडतं.

किती लागेल? रंधा मारलेल्या लाकडावर लिटरला एका हातात ८० ते १२० चौरस फूट, खरखरीत फळ्यांवर त्याच्या निम्मं. झडपांच्या दाराचं क्षेत्रफळ सपाट मापाच्या पावणेदोन-दोन पट धरा. ३०० चौरस फुटांच्या रंधलेल्या व्हरांड्याला दोन हातांसाठी सात-आठ लिटर आणा. सगळे डबे एका बादलीत एकत्र करा, नाहीतर मधल्या खांबापासून रंग बदललेला दिसेल. तळाशी रंग बसतो, दर पंधरा मिनिटांनी ढवळा.

लावणं

सकाळी दव असतं, म्हणून नऊ-साडेनऊच्या आधी नाही, आणि चारनंतरही नाही. पश्चिमेची बाजू सकाळी, पूर्वेची दुपारी, म्हणजे हात नेहमी सावलीत. तापलेल्या फळीवर तेल मुरण्याआधी सुकतं, आणि पीयूला बुडबुडे येतात. घोडबंदर रोडला किंवा एमआयडीसीच्या पट्ट्यात लाकूड, हात देण्याआधी, पुन्हा एकदा ओलसर फडक्याने पुसा, रात्रीत धूळ बसलेली असते.

पहिला मान कापलेल्या टोकांना. दाराची वरची आणि खालची कड, खांबाचं बुड, फळीची टोकं. लाकूड तिथून बाजूंच्या कितीतरी पट पाणी ओढतं. पिणं थांबेपर्यंत द्या, तीन-चार वेळाही. दर पावसाळ्यात दार अडकतं आणि सुतार रंधा मारून जातो, त्यामागे बहुधा दाराची कोरी राहिलेली खालची कड असते. रंधा मारल्यावर हिवाळ्यात तिथेच बोटभर फट पडते. म्हणून दार बिजागऱ्यांतून काढूनच काम करा. झडपा आणि पल्ल्यांना काढताना क्रमांक घाला, जुन्या घरात कुठलाही पल्ला दुसऱ्या चौकटीत बसत नाही.

तेल ब्रशने लावताना एक फळी टोकापासून टोकापर्यंत सलग पुरी करा. मध्ये थांबलात तर जोडाची गडद पट्टी कायम दिसते. पंधरा-वीस मिनिटांनी जे मुरलं नाही ते फडक्याने पुसून घ्या. ही पायरी बहुतेक रंगारी गाळतात, कारण पुसल्यावर काम ‘कमी’ दिसतं. न पुसलेलं तेल चिकट साय धरतं, त्यावर धूळ बसते आणि तीच साय पुढे सोलते. दुसरा हात २४ तासांनी, हवा दमट असेल तर ४८.

सागवानावर पीयू द्यायचं तर आधी थिनरने पुसून त्याचं नैसर्गिक तेल काढा आणि तासाभरात पहिला पातळ हात द्या. दोन भागांचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं तेच, अंदाजाने नाही, आणि तीन-चार तासांत संपेल इतकंच मिसळा. दोन हातांच्या मध्ये २२० किंवा २४० ने हलकं घासा.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. अंगणात मोकळी पसरून सुकवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

पुढची देखभाल

दर ऑक्टोबरात साबणाच्या पाण्याने धुवा आणि थेंबाची परीक्षा करा. तेल-स्टेन दिलेली पश्चिम आणि दक्षिण बाजू दीड-दोन वर्षांत, सावलीतली तीन वर्षांत एक हात मागते. तेव्हा उतरवायची गरज नसते. पीयूच्या दारावर केसाएवढी जरी चीर दिसली तरी त्याच हिवाळ्यात तेवढा भाग घासून हात द्या. एक पावसाळा गेला की चिरेखाली लाकूड काळं पडतं आणि मग सगळं दार उतरवावं लागतं. उरलेलं स्टेन लहान डब्यात काठोकाठ भरून ठेवा, आत हवा राहिली की वर साय धरते. डब्यावर छटेचं नाव, बॅच क्रमांक आणि कुठल्या भिंतीला वापरलं ते पेन्सिलीने लिहून ठेवा.